हिरव्या टेबलावरचा तिसरा गडी

दिवाळीची सुट्टी लागली की मराठी घरांतून कॅरमचा बोर्ड माळ्यावरून खाली उतरतो. चार महिन्यांच्या पावसाने त्याच्या फळीने थोडी ओल धरलेली असते, एखाद्या कोपऱ्याला बाक आलेला असतो, आणि पावडरीचा डबा उघडावा तो आत तिचे खडे झालेले असतात. मग बोर्ड फडक्याने पुसणे, घटकाभर उन्हात धरणे, खालच्या स्टुलाच्या एका पायाला कागदाची घडी सारणे, असा सोहळा होतो. त्या घरच्या मुलांना आपल्या बोर्डाचे सारे गुणदोष तोंडपाठ असतात. अमुक बाजूने हळू सोडलेली सोंगटी शेवटच्या चार बोटांत डावीकडे वळते, तमुक खिशाची कड जरा उचललेली आहे, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. सुट्टीला आलेला मावसभाऊ आपल्या चाळीत कितीही नाव काढून आलेला असो, पहिल्या दोनचार डावांत तो हटकून मार खातो. ‘आमच्या बोर्डावर खेळून दाखव’ हे आव्हान प्रत्येक आळीने केव्हा ना केव्हा दिलेले असते.

ह्या पोरकट आव्हानात एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे. सपाटीवरून सोंगटी किंवा चेंडू सरकवण्याच्या खेळात अखेर जिंकते कोण? खेळणाऱ्याचा हात, त्याचे डोके, की ज्या फळीवर खेळ चालला ती फळी? समोरासमोर दोघेच बसलेले असले तरी खेळात तिसरा एक गडी असतो. तो बोलत नाही, बाजू घेत नाही. पण प्रत्येक फटक्यात त्याचा वाटा असतो. पैज लहान असेल तेव्हा त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पैज मोठी झाली की दोघांचेही डोळे त्याच्यावरच खिळतात.

ह्या तिसऱ्या गड्याचा इतिहास पाहायचा तर कॅरमच्या थोरल्या आणि श्रीमंत भावंडाकडे, म्हणजे बिलियर्ड्सकडे वळले पाहिजे. हा खेळ साहेबाचा, क्लबातला, असे समजून आपण त्याच्याकडे पाठ फिरवतो. परंतु पुण्यात जन्मलेल्या एका खेळाडूने १९५८ साली ह्याच खेळात जगज्जेतेपद मिळवले, आणि वैयक्तिक खेळात जगज्जेता होणारा तो पहिला भारतीय ठरला, हे लक्षात घेतले म्हणजे ही गोष्ट आपल्याही घरची आहे हे ध्यानात येते. त्या खेळाडूकडे आपण यथावकाश येऊ. आधी टेबलाची ओळख करून घेऊ.

बिलियर्ड्सचे पूर्ण मापाचे टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असते. वरचे हिरवे कापड पाहून खाली लाकूड असेल असा समज होतो. पण खाली असतो पाटीचा दगड, आपल्या लहानपणीच्या दगडी पाटीचा असतो तोच. लंडनच्या जॉन थर्स्टन ह्या टेबले बनविणाऱ्याने १८२६ साली लाकडी फळीच्या जागी हा दगड आणला. लाकूड हवेसरशी फुगते, आखडते आणि वाकते. दगड वाकत नाही. असे चारपाच चिरे एकमेकांना बिनचूक जोडून त्यांवर कापड ताणून बसवतात. सारे टेबल टनाहून अधिक वजनाचे भरते. ते एकदा बसवले की सहसा हलवीत नाहीत, कारण हलवले की पुन्हा समतल करण्याची दगदग आली.

ह्याच थर्स्टनने १८३५ साली टेबलाच्या कडांना रबर लावले. कल्पना उत्तम होती. पण ते कच्चे रबर इंग्लंडच्या हिवाळ्यात कडक होऊन बसे, आणि खेळ सुरू करण्यापूर्वी कडांशी गरम पाण्याची भांडी ठेवून त्याला ऊब द्यावी लागे. गंधकाच्या संस्काराने पक्के केलेले रबर १८४५ च्या सुमारास आले तेव्हा कुठे ही कटकट मिटली. तोपर्यंत थंडीच्या रात्री पहिल्या तासात कडेवरून परतणारा चेंडू एक चाल चाले आणि दुसऱ्या तासात निराळी. ज्याने आधी हे ओळखले त्याचे दोन पैसे सुटत.

चेंडूंची कथा तर त्याहून अद्भुत आहे. ते हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून मोजकेच चेंडू निघत, आणि तेही सुळ्याच्या मध्यभागातून कातलेले असले तरच तोलात बसत. हस्तिदंत हे जिवंत प्राण्याचे अंग; हवा बदलली की त्याचा गोलपणा किंचित बिघडे. अमेरिकेत १८६० नंतरच्या दशकात फेलन आणि कोलेंडर ह्या टेबले बनविणाऱ्या पेढीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरांचे बक्षीस लावले. त्या ओढीने प्रयोग करणाऱ्या जॉन वेस्ली हायट ह्याच्या हाती सेल्युलॉइड लागले. आज आपल्या घरात बादलीपासून कंगव्यापर्यंत जे प्लास्टिक भरले आहे, त्याच्या इतिहासाची एक वाट अशी बिलियर्ड्सच्या टेबलावरून गेलेली आहे.

राहिले कापड. हे लोकरीचे असते आणि त्याला लव असते. मखमलीवरून हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागते आणि उलट फिरवला तर खरखरीत, तसेच येथे. जोरात मारलेल्या चेंडूला लव जुमानत नाही. पण हळू सोडलेला चेंडू शेवटी शेवटी तिच्या कलाने जातो. बाजूची फिरकी दिलेला संथ चेंडू लवेबरोबर चालला असता ज्या अंगाला वळतो, लवेविरुद्ध चालला असता बरोबर त्याच्या उलट अंगाला वळतो. म्हणून कापडाला ब्रश मारायचा तो एकाच दिशेने, आणि इस्त्री फिरवायची तीही एकाच दिशेने. शिवाय लोकर ती लोकरच. हवेतला दमटपणा ती शोषून घेते. ओले कापड चेंडूला धरून ठेवते, कोरडे कापड त्याला सोडून देते. क्लबातल्या सभासदांना हे ऐकून माहीत असे. पण रोज सकाळी टेबलावर ब्रश आणि इस्त्री फिरवणाऱ्या मार्करला ते हाताने माहीत असे. गुण मोजायला उभा राहणारा हा माणूस टेबलाचा खरा जाणकार. साहेबाचा चेंडू अखेरीस कुठे जाऊन थांबणार हे साहेबाआधी तो जाणत असे.

आपल्या देशाच्या हवेने ह्या खेळावर केवढा परिणाम केला आहे, ह्याचा दाखला जबलपूरला सापडतो. सन १८७५ चा पावसाळा. लष्कराच्या छावणीत अधिकाऱ्यांना बाहेर पडता येईना, कवायती बंद, घोडदौड बंद. डेव्हनशर पलटणीच्या भोजनगृहात बिलियर्ड्सचे टेबल होते. त्यावर रंगीत चेंडूंचे दोनतीन प्रकारचे पैजेचे खेळ ते आलटून पालटून खेळत. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुण अधिकाऱ्याने ह्या खेळांची सांगड घातली आणि आणखी रंगीत चेंडू वाढवत नेले. वूलिचच्या लष्करी शाळेत नवशिक्या विद्यार्थ्याला चेष्टेने ‘स्नूकर’ म्हणत. एका खेळाडूचा सोपा फटका चुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला हीच उपाधी दिली, आणि मग आपण सगळेच ह्या खेळात नवशिके आहोत, तेव्हा खेळालाच हे नाव देऊ, असे म्हणून वेळ मारून नेली. पुढे १८८२ साली उटकमंडच्या क्लबात ह्या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लागले. इंग्लंडचा बिलियर्ड्सपटू धाकटा जॉन रॉबर्ट्स १८८५ साली हिंदुस्थानात आला असता कलकत्त्यात चेंबरलेनला भेटला आणि खेळ विलायतेला घेऊन गेला. जन्मस्थानाविषयी पुढे बरेच वाद झाले. तेव्हा १९३८ साली ऐंशी उलटलेल्या चेंबरलेनने एका इंग्रजी नियतकालिकाला पत्र लिहून ही हकिगत स्वतः सांगितली. आज जगभर लक्षावधी लोक जो खेळ दूरचित्रवाणीवर पाहतात, तो मध्य हिंदुस्थानच्या मुसळधार पावसाने अडकवून ठेवलेल्या रिकामटेकड्या तरुणांनी पैजेसाठी काढला होता.

आता पैजेच्या खेळात टेबल आणि डावपेच ह्यांची झुंज कशी चालते ते पाहू. ११ फेब्रुवारी १८७० ह्या दिवशी लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये इंग्लंडच्या अजिंक्यपदाचा सामना झाला. एका बाजूला थोरला जॉन रॉबर्ट्स. १८४९ पासून हे पद त्याच्याकडे चालत आलेले. दुसऱ्या बाजूला विल्यम कुक हा वीसएक वर्षांचा पोर. त्या काळात लाल चेंडू ठरलेल्या ठिपक्यावरून कोपऱ्याच्या खिशात पुन्हा पुन्हा घालण्याची एक युक्ती बोकाळली होती. चेंडू खिशात गेला की नियमाप्रमाणे तो परत त्याच ठिपक्यावर ठेवावा लागे. मग पुन्हा तोच फटका. कुक ह्या युक्तीत वाकबगार होता. प्रेक्षक कंटाळत. तेव्हा जाणत्यांनी एकत्र बसून ह्या सामन्यासाठी टेबलच बदलले. खिसे नेहमीच्या मापावरून आवळून तीन इंचांवर आणले आणि तो ठिपकाही कडेच्या अधिक जवळ सरकवला.

चिंचोळ्या खिशांनी कुकचे हुकमी शस्त्र बोथट झाले खरे. पण बाराशे गुणांचा तो सामना कुकनेच एकशे सतरा गुणांनी जिंकला. त्याने काय केले? जो फटका टेबलाने नाकारला त्याच्या मागे लागण्यात त्याने जन्म घालवला नाही. इतर मार्गांनी गुण जोडले. आणि दोनच महिन्यांनी त्याच धर्तीच्या टेबलावर म्हाताऱ्या रॉबर्ट्सचा मुलगा, ज्याचा वर उल्लेख आला तो धाकटा जॉन, कुकला हरवून गेला. टेबल बदलून सामना कुणाच्या पदरात घालता येत नाही. टेबल बदलले की सगळ्यांना नव्याने विचार करावा लागतो, आणि जो आधी विचार करतो तो पुढे जातो.

ह्याच्या उलट बाजूची कथाही सांगण्याजोगी आहे. १९०७ साली टॉम रीस ह्या इंग्रज खेळाडूने दोन चेंडू खिशाच्या तोंडाशी असे अडकवून ठेवले की आपल्या चेंडूने त्यांना नुसते स्पर्शून जायचे आणि दोनदोन गुण घ्यायचे. जूनच्या तीन तारखेपासून जुलैच्या सहा तारखेपर्यंत, रोज ठरलेल्या वेळी येऊन, त्याने ४,९९,१३५ गुण केले आणि तरीही त्याचा डाव संपला नव्हता! समोरचा खेळाडू महिनाभर खुर्चीत बसून होता. अधिकृत विक्रम म्हणून ह्याची नोंद झाली नाही आणि ती युक्ती नियमाने बंद झाली. पंचवीस वर्षांनी, १९३२ साली, ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने लंडनला जो डेव्हिसविरुद्ध एका डावात ४,१३७ गुण केले. तिन्ही चेंडू एकमेकांशेजारी ठेवून कडेकडेने मुंगीच्या पावलांनी हाकत नेण्याची त्याची हातोटी अलौकिक होती. तेव्हा चेंडूला ठराविक गुणांमागे टेबलाची एक रेषा ओलांडलीच पाहिजे, असा नवा नियम करावा लागला. डावपेच टेबलावर स्वार झाले की नियमांनी टेबल पुन्हा मोठे करायचे, असा हा शतकाचा क्रम आहे.

अमेरिकेतल्या पूल ह्या खेळात एक प्रकार असा आहे की ज्यात ही झुंज अगदी उघडी पडते. पूलचे टेबल लहान, बहुधा नऊ फूट लांबीचे, आणि त्याला सहा खिसे. पण ‘वन पॉकेट’ नावाच्या ह्या प्रकारात प्रत्येक खेळाडूचा खिसा एकच! टेबलाच्या एका टोकाचे दोन कोपरे दोघांनी वाटून घ्यायचे. पंधरा चेंडूंपैकी आठ चेंडू जो आपल्या कोपऱ्यात आधी घालील तो जिंकला. दुसऱ्या खिशात कितीही सुंदर फटका मारला तरी त्याचे मोल शून्य; प्रतिस्पर्ध्याच्या खिशात गेला तर तो त्याच्या खात्यात जमा. साहजिकच ह्या खेळात मारण्यापेक्षा न मारण्याला महत्त्व आले. आपले चेंडू आपल्या कोपऱ्याकडे हळूहळू गोळा करायचे, त्याचे त्याच्या कोपऱ्यापासून दूर सारायचे, आणि पांढरा चेंडू अशा ठिकाणी नेऊन ठेवायचा की तेथून त्याला धड काही मारताच येऊ नये. एकेक डाव तासभर चालतो. इलिनॉय राज्यातल्या जॉन्स्टन सिटी नावाच्या छोट्या गावी १९६१ साली जान्स्को बंधूंनी पैजेवर खेळणाऱ्या नामांकितांना एकत्र बोलावून ज्या स्पर्धेला आरंभ केला, ती पहिल्या वर्षी ह्याच प्रकाराची होती.

ह्या खेळात बहुतेक फटके संथ असतात, आणि टेबलाचे दोष संथ चेंडूलाच भोवतात हे आपण पाहिले. टेबल केसभर एका अंगाला कललेले असेल तर जोरदार चेंडूला त्याचा पत्ताही लागत नाही; पण चार फूट रांगत जाऊन खिशाच्या तोंडाशी थांबायचे असेल त्याला तो कल नेमका दगा देतो. म्हणून मोठ्या पैजेचे खेळाडू पहिला अर्धा तास गुणांच्या मागे लागत नाहीत. कोणती कड जिवंत आहे, कोणता कोपरा चेंडू गिळतो आणि कोणता थुंकून टाकतो, उतार कोणीकडे आहे, हे ते खेळता खेळता तपासतात. ज्या कोपऱ्याकडे टेबल कलते तो खिसा आपल्याकडे असेल तर संथ खेळावे. प्रतिस्पर्ध्याकडे असेल तर त्या बाजूला चेंडू फिरकूच देऊ नये. त्यात काही चमत्कार नाही. शेतकरी नांगर धरण्याआधी जमीन पाहतो तितकेच ते साधे आहे.

बिलियर्ड्समध्येही असा बचाव आहे. येथे चेंडू तीनच: आपला, प्रतिस्पर्ध्याचा आणि लाल. आपल्या चेंडूने दोन्ही चेंडूंना स्पर्श केला तर दोन गुण, लाल चेंडू खिशात घातला तर तीन, लालला लागून आपलाच चेंडू खिशात गेला तरी तीन. टेबलाच्या एका टोकाला आडवी रेषा असते. ज्याचा चेंडू खिशात गेला त्याने तो हातात घेऊन ह्या रेषेवरच्या अर्धवर्तुळातून खेळायचा. पण रेषेमागे असलेल्या चेंडूवर त्याला थेट नेम धरता येत नाही. तेव्हा कसलेला खेळाडू काय करतो? प्रतिस्पर्ध्याचा चेंडू खिशात घालतो आणि उरलेले दोन्ही चेंडू अलगद रेषेमागे नेऊन निजवतो. समोरच्याला आता पलीकडच्या कडेवर चेंडू आपटून आंधळा फटका मारण्यावाचून गत्यंतर नाही. इंग्रजांच्या काही क्लबांतून प्रतिस्पर्ध्याचा चेंडू असा पाडणे अशिष्ट मानीत. पण त्या फटक्याची किंमत खेळणारा आधीच मोजून बसलेला असतो. टेबलावरचा एक चेंडू घालवून त्याने आपल्या स्वतःच्याही गुणांची वाट अरुंद करून घेतलेली असते. आपल्या कॅरममध्ये क्वीन समोर दिसत असूनही तिला कव्हर द्यायला सोंगटी नाही म्हणून जो हात आवरतो, त्याला हा हिशेब सहज समजेल.

आता आपल्या माणसाकडे येऊ. विल्सन जोन्स ह्यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्याचा. पुढे ते मुंबईकर झाले. १९४८ साली त्यांनी स्नूकरचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि १९५० साली बिलियर्ड्सचे. तेव्हापासून १९६६ पर्यंत बिलियर्ड्सचे हे राष्ट्रीय पद त्यांनी एकंदर बारा वेळा जिंकले. देशात त्यांना तोडीस तोड उरला नव्हता. पण जगाची गोष्ट वेगळी. १९५१ साली जागतिक हौशी स्पर्धा लंडनला झाली. तेथे ते प्रथमच उतरले आणि विजयी झाला ऑस्ट्रेलियाचा बॉब मार्शल. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, ही स्पर्धा कलकत्त्याला आली. टेबल आपल्या देशातले, हवा आपली, प्रेक्षक आपले. ‘आमच्या बोर्डावर खेळून दाखव’ म्हणायला ह्याहून चांगली संधी कोणती? तरीही जगज्जेतेपद इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफील्डने नेले.

माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका धडा १९५२ आणि १९५८ ह्या दोन सालांच्या मध्ये आहे. १९५८ साली स्पर्धा पुन्हा कलकत्त्यालाच, ग्रेट ईस्टर्न हॉटेलात भरली. ह्या स्पर्धांत त्या काळी प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे असे. एखाद्या दिवशी दैवाने हात दिला म्हणून निभावत नसे. ह्या वेळी जोन्स जगज्जेते झाले. शहर तेच होते, देश तोच होता. बदलला होता तो खेळाडू. मधल्या सहा वर्षांत त्याने जगातल्या उत्तम हातांशी खेळून घेतले होते, आणि केव्हा गुणांमागे धावावे आणि केव्हा चेंडू निजवून खुर्चीत जाऊन बसावे ह्याचा विवेक अशा अनुभवानेच येतो. ते घरच्या टेबलाच्या जोरावर जिंकले असे म्हणणाऱ्यास १९६४ सालाने परस्पर उत्तर दिले. त्या वर्षी स्पर्धा न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे ह्या गावी झाली. कलकत्त्याहून हजारो मैल दूर, दक्षिण गोलार्धात, परक्या हवेत आणि परक्या कापडावर विल्सन जोन्स दुसऱ्यांदा जगज्जेते झाले. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नंतर त्यांनी शिकवण्याचे काम केले आणि १९९६ साली प्रशिक्षकासाठी असलेला द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना लाभला. २००३ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

जोन्स ह्यांच्यानंतरच्या काळातही हाच नमुना पुन्हा पुन्हा दिसतो. १९७३ साली जागतिक स्पर्धा आमच्या मुंबईत भरली. अजिंक्य झाले श्रीलंकेचे महंमद लाफिर. १९७९ साली ती लाफिर ह्यांच्या कोलंबोला गेली. तेथे माल्टाचे पॉल मिफसुद जिंकले. १९८३ साली मिफसुद ह्यांच्या माल्टात खेळ झाला. तेथे विजय मिळवला मुंबईच्या मायकेल फरेरा ह्यांनी! एका बेटावरचा माणूस दुसऱ्या बेटावर जाऊन जिंकतो आणि त्याच्या बेटावर तिसराच येऊन जिंकून जातो, अशी ही गंमत आहे. घरच्या माणसाने जिंकल्याची उदाहरणे नाहीत असे मुळीच नाही. १९५४ साली सिडनीला ऑस्ट्रेलियाचा टॉम क्लिअरी जिंकला, १९६२ साली पर्थला मार्शल जिंकला, आणि १९८१ साली दिल्लीला स्वतः फरेरा जिंकले. परंतु घरचे टेबल हे जर खरोखरच रामबाण असते तर यादी अशी उलटसुलट दिसली नसती.

फरेरा ह्यांचे पहिले जगज्जेतेपदही परदेशातलेच, १९७७ सालचे मेलबर्नचे. मुंबईची हवा वर्षातले कितीतरी महिने दमट. समुद्र तिन्ही अंगांनी, आणि पावसाळ्यात तर भिंतींनाही घाम फुटतो. अशा हवेत कापड जड होते, चेंडू लवकर थकतो. ज्याचा हात असल्या कापडावर तयार झाला त्याला कोरड्या, धावत्या कापडावर आपला जोर निम्म्यावर आणावा लागतो. आणि मोठ्या सामन्यात, मनावर दडपण असताना, हात हलका ठेवणे हेच सर्वांत अवघड असते. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत फरेरा ह्यांनी एका डावात १,१४९ गुण केले. हौशी खेळात हजाराचा उंबरठा ओलांडणारे ते पहिले. एवढा वेळ चेंडूंना ताब्यात ठेवायचे म्हणजे टेबलाची नस न् नस हाताखाली असावी लागते. एकदा ती सापडली की मग परके टेबलही घरचे होते.

गेल्या काही दशकांत ह्या तिसऱ्या गड्याला माणसाळवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. मोठ्या स्पर्धांतून दगडाखाली विजेची ऊब देऊन कापड कोरडे राखतात. हस्तिदंत जाऊन कारखान्यातले, एकसारख्या वजनाचे चेंडू आले. हवा थंड करणारी यंत्रे आली. इकडे खेळाचे रूपही बदलले. बिलियर्ड्समध्ये दीडशे गुणांचे छोटे डाव निघाले. त्यांत हजाराचा डोंगर रचायला जागा नाही, आणि एका चुकीची भरपाई करायला वेळही नाही. टेबल जितके निर्दोष झाले तितका डाव आखूड झाला, हा योगायोग नव्हे. चुकांचा वाटा टेबलाकडून काढून घेतला की तो खेळणाऱ्याकडे जातो.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. टेबल कुणाची बाजू घेत नाही हे खरे. पण टेबलापर्यंत पोचण्याची वाट फार काळ मोजक्यांनाच खुली होती. बारा फुटांच्या दगडी टेबलाला स्वतंत्र दालन लागते. असे दालन पलटणीच्या छावणीत असे, संस्थानिकाच्या वाड्यात असे, सभासदत्वाची वर्गणी भरणाऱ्यांच्या क्लबात असे. टेबलाची नस जाणणारा मार्कर त्या दालनात नोकर म्हणून उभा राही. ह्या भिंतींच्या आत शिकून जगज्जेता होण्याइतकी संधी किती जणांना मिळाली असेल, आणि किती हात दाराबाहेरच राहिले असतील, ह्याचा हिशेब कोणत्याही गुणफलकावर लिहिलेला नाही. मराठी मुलखाने आपली हौस कॅरमवर भागवली ती काही केवळ आवडीने नव्हे. एकोणतीस इंचांची फळी चाळीच्या गॅलरीत मावते, टेबल मावत नाही.

ही स्थिती आता पालटली आहे, आणि ती पालटलेली पाहायला खाडी ओलांडून नवी मुंबईत यावे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हा हे शहर नकाशावरच्या रेघांत होते. जमिनीवर होती भातशेते, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे. आज वाशी, नेरूळ, खारघर अशा उपनगरांतून तासावर पैसे घेऊन खेळू देणाऱ्या जागा निघाल्या आहेत. तेथे पूलचे टेबल आहे, स्नूकरचे आहे, आणि दारात वर्गणीची वही घेऊन कुणी उभा नाही. कॉलेजातली मुले येतात, कारखान्यातली पाळी संपवून कामगार येतात. अर्थात खाडीची दमट हवाही त्यांच्याबरोबर आत येते. दिवसभर हजार हातांनी हाताळलेले कापड, कुठे ढिली पडलेली कड, कुठे दबलेला कोपरा. टेबलावर दोष हवे तेवढे. नवखा मुलगा चेंडू चुकला की टेबलाला शिव्या देतो. त्याच्या शेजारी एखादा न बोलणारा मुलगा असतो. तो पहिले चारपाच चेंडू नुसते हळूच सोडून पाहतो, कुठे वळतात ते मनात टिपतो, आणि मग खेळायला लागतो.

विल्सन जोन्स कोण होते हे त्या मुलाला बहुधा ठाऊक नसेल. पण जी विद्या कमावून जोन्स कलकत्त्याला आणि पुकेकोह्याला जिंकले, तिचा पहिला धडा तो आपल्या आपण गिरवीत आहे. त्याच्यासाठी एवढेच पुरे आहे की दार उघडे आहे आणि टेबल मोकळे आहे.